ड्रोन आणि गळकी गच्ची

घराच्या छपराची ड्रोनने तपासणी म्हणजे कॅमेरा बसवलेले, चार पंख्यांवर तरंगणारे लहानसे यंत्र छपरावरून फिरवायचे, त्याने काढलेली छायाचित्रे संगणकावर जोडायची आणि वर काय बिघडले आहे ते खाली खुर्चीत बसून पाहायचे. या पद्धतीचा मुख्य फायदा खुर्चीचाच आहे. छपराला भोक कुठे पडले हे शोधायला माणूस वर चढवला, तर तो जुने भोक सापडेपर्यंत नवी दोन पाडून ठेवतो. ही अडचण छपराइतकीच जुनी आहे. कधीकधी तो सापडलेल्या भोकातून परस्पर घरातच उतरतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर असे होण्याची शक्यता बरीच असते. उन्हापावसाने ठिसूळ झालेले हे पत्रे पाय ठेवेपर्यंत अगदी धड दिसतात.

महाराष्ट्रात छप्पर एका प्रकारचे नाही. कोकणात मंगळुरी कौले असतात. विदर्भात कौलाला कवेलू म्हणतात, मराठवाड्यातल्या जुन्या घरांना मातीचे माळवद असते. शहरांच्या कडेला पत्रा असतो आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड, जुने टायर आणि एखादी मोडकी सायकल ठेवलेली असते. भर शहरात गच्ची असते. ड्रोन या सगळ्यांवरून सारख्याच अलिप्तपणे फिरतो. माळवदावर मात्र त्याला फारसे काम नाही, कारण वर गवत माजले की पाणी मुरते आहे हे खालून जाणाऱ्यालाही कळते. पत्र्यावर गंजलेले बोल्ट आणि सुटलेले वॉशर दिसतात, ते बदलले की विषय संपतो. खरा मजकूर कौलांत आणि गच्चीत आहे.

मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि पुढे हे कौल सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. कारखान्याचे नाव कौलाच्या आतल्या बाजूला उमटवलेले असते. ते ड्रोनला कधीच दिसत नाही. वाचायचा मान पलंगावर पडून राहणाऱ्यांचा. कौलारू घराची तपासणीही ड्रोन येण्याच्या कितीतरी आधीपासून खालूनच होत आली आहे. वैशाखात भर दुपारी माजघरात आडवे व्हायचे आणि वर पाहायचे. जिथून कवडसा येतो तिथून मृगात पाणी येणार, असे धरून चालायचे. या पाहणीला लागणारी यंत्रसामग्री म्हणजे एक चटई. बॅटरी उतरत नाही, परवाना लागत नाही आणि पाहणी करता करता डोळा लागला तरी काम अर्धवट राहिले असे कुणी म्हणत नाही. सरकलेले कौल आतूनच काठीने हळूच वर ढकलून जागेवर बसवता येते. काठीचा अंदाज चुकला तर शेजारचे कौलही सरकते, मग पुन्हा आडवे व्हायचे.

कवडशाच्या शास्त्राला मर्यादा आहेत, हे कबूल केले पाहिजे. कौले एकमेकांवर चढवून लावलेली असतात, त्यामुळे ऊन अडते पण वाऱ्याने झोडपलेला तिरका पाऊस वरच्या बाजूला चढून आत येतो. दोन पाखे जिथे मिळतात तिथल्या पन्हळीत पाचोळा तुंबला तर पाणी मागे फुगते आणि वाशांवर उतरते. आढ्यावरच्या कौलांमधला चुना किंवा सिमेंट निघाले असेल तर तेही खालून समजत नाही. या तीन ठिकाणी ड्रोन खरोखर कामाचा आहे. माकडांनी उड्या मारून फोडलेली कौले, झावळी पडून झालेला खड्डा, पन्हळीत फणसाच्या पानांचा थर, सगळे लख्ख दिसते. डावीकडच्या पाखावर खालून चौथ्या ओळीतले अकरावे कौल फुटले आहे, इतके नेमके सांगता येते. एवढी नेमकी माहिती हाती आल्यावर घरमालक ते कौल बदलणाऱ्या गड्याच्या शोधाला लागतो. गडी मुंबईला कामाला गेलेला असतो, गणपतीत येईन म्हणतो. गणपतीपर्यंत पावसाचे तीन महिने झालेले असतात आणि अकराव्या कौलाखाली पातेले ठेवलेले असते. ड्रोन कौल दाखवतो, बदलत नाही, हे त्याच्या विक्रेत्यांनी अजून स्पष्ट केलेले नाही.

शहरी गच्चीवर कवडशाची सोय नाही. तिथे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड कोबा घालून त्याला उतार दिलेला असतो. उतार पावसाळी पाइपाच्या तोंडाकडे असावा, असे नकाशात असते. प्रत्यक्षात तो ज्या दिवशी कोबा पडला त्या दिवशी गवंड्याला जिकडे योग्य वाटले तिकडे असतो. पुढे वर्षागणिक कोब्याला भेगा पडतात आणि पाणी आत शिरते. इथून पुढचा त्याचा प्रवास हा या सगळ्या विषयातला सर्वांत चकवणारा भाग आहे. कोब्यातून स्लॅबपर्यंत पोचलेले पाणी सरळ खाली येत नाही. वाट मिळेपर्यंत ते आडवे चालते आणि वायरिंगसाठी स्लॅबमध्ये टाकलेल्या पाइपातून, नाहीतर पंख्याच्या हुकाजवळून घरात उतरते. म्हणून ते शिरते जिन्यापाशी आणि टपकते दिवाणखान्यातल्या पंख्यावर. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला ते पंख्यातूनच येते आहे असे वाटते आणि पहिली दोन वर्षे इलेक्ट्रिशियन येऊन जातो. तो पंखा बदलून देतो. नव्या पंख्यातूनही पाणी येते.

अशा वेळी कुणीतरी ड्रोन सुचवतो. सुचवणारा बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावर राहणारा, हौशी आणि स्वतः न गळणारा असतो.

ड्रोनने गच्ची पाहण्याआधी सरकारने ड्रोन नीट पाहून ठेवला आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांत वजनावरून वर्ग पाडले आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि असे करत करत दीडशे किलोच्याही पलीकडे. त्या पलीकडच्या वर्गाने गच्ची तपासू नये. नॅनो उडवायला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही; मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर लागते, आणि त्यासाठी वय १८ ते ६५ व शिक्षण दहावी पास हवे. बाजारात २४९ ग्रॅम वजनाचे ड्रोन का मिळतात याचे उत्तर या २५० ग्रॅमच्या रेषेत आहे. आकाशाचेही हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत विनापरवानगी उडता येते, पिवळ्यात परवानगी काढून आणि लाल भागात केंद्र सरकारने हो म्हटले तरच.

चार मजली इमारतीची उंची कायद्याला मुळीच खटकत नाही. इमारत कुठे उभी आहे ते खटकते. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा, दुसऱ्या टोकाला खडकवासल्याची संरक्षण प्रबोधिनी आणि मध्ये लष्कराची छावणी. म्हणजे आपल्याच गच्चीवर आपलाच ड्रोन उडवण्यापूर्वी सदाशिव पेठेतल्या माणसालाही नकाशा उघडून रंग पाहावा लागतो. ज्या माणसाने आजवर कुठल्याच गोष्टीसाठी कुणाची परवानगी विचारलेली नाही, त्याच्यावर ही वेळ यावी हे जरा कठोर आहे. मुंबईत तर पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. त्यामुळे तिथल्या गच्च्या पूर्वापार पद्धतीने, म्हणजे पाणी टपकल्यावर, तपासल्या जातात.

परवानगीचा प्रश्न सुटला की चालकाचा येतो. गच्ची तपासणारे इंजिनिअर थोडे, आणि ड्रोन उडवणारी मुले उदंड. यांतली बरीचशी लग्नाच्या शूटिंगमध्ये तयार झालेली असतात. हात बसलेला असतो, पण डोळा वेगळ्या गोष्टी शोधतो. वऱ्हाडाच्या डोक्यावरून हळूच वर जाणे, मंडपाला अर्धी प्रदक्षिणा घालणे आणि शेवटी सूर्याकडे वळणे हे त्यांच्या अंगात भिनलेले असते. त्यामुळे तपासणीचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येतो तो बासरीच्या पार्श्वसंगीतासह. पाण्याच्या टाकीमागून सूर्य उगवतो, कठडा सोनेरी होतो, कबुतरांचा थवा संथ गतीने उडतो. सगळ्यांना तो फार आवडतो. गच्ची इतकी सुंदर आहे हे बऱ्याच सभासदांना तेव्हाच कळते. भेग दिसत नाही.

भेग दिसायला वेगळी शिस्त लागते. ड्रोन ठरलेल्या उंचीवरून सरळ रेषेत जातो, वळतो आणि परत येतो. कॅमेरा थेट खाली रोखलेला असतो. सोसायटीच्या सभेतल्या भाषणांप्रमाणे प्रत्येक छायाचित्रात मागच्यातला बराचसा मजकूर पुन्हा यावा लागतो, साधारण ७० ते ८० टक्के. तरच संगणकाला ती एकमेकांना जोडून अख्ख्या गच्चीचे एक सलग, मोजता येण्याजोगे चित्र तयार करता येते. तीस मीटर उंचीवरून साध्या कॅमेऱ्यात एका ठिपक्यात सुमारे एक सेंटीमीटर जागा मावते. पाणी आत घेणारी भेग मिलिमीटरभरही रुंद नसते. म्हणून संशयाच्या जागी ड्रोन तीन-चार मीटरपर्यंत खाली आणावा लागतो. तिथे डिशच्या छत्र्या, केबलच्या वायरी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि गेल्या संक्रांतीचा मांजा असे जाळे पसरलेले असते. पंख्यात मांजा अडकला की तपासणी संपते आणि ड्रोनची शोधाशोध सुरू होते. घारी हे दुसरे संकट. शहरातल्या घारीला आपल्या हद्दीत आलेले हे भुणभुणते प्रकरण पसंत पडत नाही आणि ती बोलून दाखवत बसत नाही.

सगळ्यात मोठी गंमत हवामानाची आहे. गच्ची गळते पावसात. बहुतेक साधे ड्रोन पावसात उडवता येत नाहीत. त्यांच्या मोटारी आणि सर्किट यांना पाणी चालत नाही. म्हणजे रोग अंगात असताना वैद्याला घरात यायची बंदी, आणि तो येतो तेव्हा रोगी ठणठणीत. ऑक्टोबरात किंवा मे महिन्यात गच्ची कोरडी, स्वच्छ आणि निरपराध दिसते. तज्ज्ञ चालक मग डागांवरून अंदाज बांधतो: पाणी साचून राहिलेल्या जागी शेवाळ वाळून काळी वर्तुळे उठलेली असतात. ही वर्तुळे ओळखणे हेच या कामातले खरे कसब, आणि ते बासरीने येत नाही.

गच्चीवर भेगांखेरीज जे सापडते त्याची यादी अहवालात नसते, पण लोक चित्र मोठे करून तेच आधी पाहतात. मोडक्या खुर्च्या, कुणाच्या तरी घराच्या नूतनीकरणातून निघालेला कमोड, गणपतीच्या मखराचा सांगाडा, मांडवाचे बांबू, झाकण नसलेली पाण्याची टाकी, तिच्या ओव्हरफ्लोखाली फोफावलेले अळू आणि टाकीच्या मागे ३१ डिसेंबरच्या रिकाम्या बाटल्या. पुष्कळ सोसायट्यांत गच्चीला कुलूप असते आणि किल्ली सेक्रेटरींकडे असते. ही किल्ली हेच सेक्रेटरीपदाचे खरे वैभव. पापड वाळत घालायचे असोत, पतंग उडवायचा असो की कोजागरीचे दूध आटवायचे असो, आधी त्यांच्या दाराची बेल वाजवावी लागते. ड्रोनला किल्ली लागत नाही. कुलूपबंद गच्चीवर बाटल्या कुठून आल्या, हा प्रश्न त्यामुळे इतिहासात प्रथमच उपस्थित होतो आणि किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे आहे याची चौकशी गळतीपेक्षा जास्त दिवस चालते.

अहवाल येतो तो वीस-पंचवीस पानांचा, लाल वर्तुळांनी भरलेला. त्यातले एक वर्तुळ नीट पाहण्यासारखे असते. कोपऱ्यात पावसाळी पाइपाच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे. जाळीवर किराणा दुकानाची पातळ पिशवी चिकटून बसली आहे, तिच्यावर कडुनिंबाची पाने, कबुतरांची पिसे आणि धुळीचा चिखल यांचा लेप आहे, आणि त्यातून दोन पानांचे एक रोप वर आले आहे. त्या पिशवीमुळे पावसाचे पाणी चार-पाच इंच तुंबते, कोबा दिवसेंदिवस पाण्याखाली राहतो आणि बारीकसारीक भेगांनाही पाणी मिळते. पिशवी उचलायला एक माणूस, एक हात आणि अर्धे मिनिट पुरते. ती शोधायला मात्र विमानविद्या लागली. गच्ची गळण्याच्या कारणांत तुंबलेली जाळी फार वरच्या क्रमांकाला आहे, हे वॉटरप्रूफिंग करणारे खासगीत सांगतात. कोटेशनमध्ये लिहीत नाहीत.

दुसरे वर्तुळ कठड्यातल्या पिंपळाचे असते. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडते, भेगेत रुजते आणि मुळे प्लॅस्टर उचकटत आत शिरतात. ड्रोनला वरची पाने दिसतात, मुळे कुठवर गेली ते दिसत नाही. पिंपळ काढला पाहिजे यावर सगळ्यांचे एकमत होते. कुणी काढायचा यावर होत नाही. शिकलेसवरलेले सभासदही मुंज्याचे नाव न घेता ‘माळ्यालाच सांगू या’ म्हणतात, माळी अमावास्या झाल्यावर बघू म्हणतो आणि अमावास्या दर महिन्याला येते.

तपासणीत भर घालायची असेल तर थर्मल कॅमेरा लावतात. तो उष्णता टिपतो. दिवसभर तापलेली गच्ची सूर्य मावळल्यावर निवू लागते. जिथे आत पाणी मुरले आहे तो भाग सावकाश निवतो, म्हणून संध्याकाळच्या चित्रात भोवतालपेक्षा उजळ दिसतो. तत्त्व चोख आहे. त्यासाठी वरचा पृष्ठभाग कोरडा हवा, दिवसभर कडक ऊन हवे, वारा बेताचा हवा, आणि कोबा फार जाड असेल तर खालची ओल वरपर्यंत कळत नाही ती नाहीच. शिवाय सोलर हीटरचे पाइप, एसीची बाहेरची यंत्रे आणि लिफ्टची खोली ही सगळी त्या चित्रात झगझगीत दिसतात. पण जांभळ्या-केशरी रंगातली गच्ची पाहिल्यावर पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, ही बाब थर्मल तपासणीच्या बाजूने नोंदवावी लागेल. खात्री करायची असेल तर शेवटी जुनीच रीत उरते. पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर तळे करायचे, दोन-तीन दिवस ठेवायचे आणि खालच्या घरात छताकडे पाहत बसायचे. खालचे कुटुंब यासाठी सहसा तयार नसते.

आता मूळ प्रश्न. छपरातून पाणी कुठे शिरते हे शोधणे कठीण असले तरी शक्य आहे. दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खिशातून जावा हे ठरवणारा कॅमेरा अजून निघालेला नाही. कागदावर वाद नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचे झालेले नुकसान संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचे असते. संडास-न्हाणीघरातली गळती त्या त्या सभासदाची. त्याच उपविधींत इमारत १५ वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांची झाली की तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करून घ्यावी, असेही आहे. हे सगळे छापील आहे आणि कपाटात आहे.

सभा मात्र कपाटाबाहेर भरते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. पाऊस सरत आलेला, पंखे वाळलेले, वरच्या मजल्यावरच्या काकांचा आवाजही जुलैइतका चढत नाही. अहवाल पडद्यावर दाखवला जातो. तळमजल्यावरचे सभासद विचारतात, ‘आमच्याकडे तर काही गळत नाही, आम्ही का भरायचे?’ हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि दर वर्षी नवा वाटतो. वरचे काका त्यांना आठवण करून देतात की लिफ्टचे पैसे तळमजल्याने कधी भरले नव्हते. मग लिफ्टची चर्चा होते. मध्येच कुणीतरी पडद्याजवळ जाऊन चित्रातल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवतो: ही पत्र्याची शेड कुणाची? शेड वरच्या काकांचीच असते आणि तिचे खांब कोब्यात ठोकलेले असतात. खांबाभोवतीच्या भेगा ड्रोनने अतिशय स्पष्ट टिपलेल्या असतात. इथपर्यंत आल्यावर ड्रोनने नेमका माणूस शोधून दिला असे वाटू शकते. काका मात्र शांतपणे सांगतात की शेड गळतीमुळेच घातली, आणि तीन वर्षांपूर्वी गळतीचा विषय मांडला तेव्हाच्या इतिवृत्तात तसे लिहिलेले आहे. इतिवृत्त कपाटात असते. तीन कोटेशने मागवावीत, असा ठराव होऊन चहा येतो.

कोटेशने येतात त्यांत सगळ्या कंपन्या दहा वर्षांची हमी देतात. हमीपेक्षा कंपनीचे आयुष्य कमी असते, एवढे ध्यानात ठेवले की मन शांत राहते.

गावाकडे ड्रोन छप्पर पाहायला आला तो वेगळ्याच कामासाठी. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून पुढे गावोगावच्या घरांच्या हद्दी आकाशातून टिपून मालमत्तेचे पत्रक देण्याचे काम सुरू झाले. मोजणीआधी घरमालकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची असते. वरून टिपायचे तर छप्पर दिसते, भिंत दिसत नाही, आणि छपराची वळचण भिंतीपेक्षा हातभर पुढे असते. गावातली भांडणे नेमकी त्या हातभर जागेत असतात. पागोळ्यांचे पाणी कुणाच्या अंगणात पडते यावरून दोन दोन पिढ्या बोलणे टाकलेली घरे आहेत. म्हणून ड्रोनचा नकाशा हाती आल्यावर भूमी अभिलेखच्या माणसांना तो घेऊन पुन्हा गल्लीत यावे लागते, आणि तिथे दोन्ही बाजूंची मंडळी आपापल्या चुन्याशेजारी उभी असतात.

छपरावर फिरणाऱ्या यंत्राकडे गाव भाबडेपणाने पाहत नाही, हेही दिसून आले आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची चर्चा पसरली. चोर आधी ड्रोनने घरे हेरतात, असा बोलबाला झाला आणि तरुण मंडळी काठ्या घेऊन रात्रभर जागली. अशा गावात दिवसाउजेडी कौले तपासायला जाणाऱ्या चालकानेसुद्धा आधी सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटून, चहा घेऊन मगच पंखे फिरवावेत. कायद्यात हा चहा लिहिलेला नाही, तरी तो टाळू नये.

परदेशात या तपासणीने वेगळे वळण घेतले. अमेरिकेत २०१६ मध्ये लहान ड्रोनचे व्यावसायिक उड्डाण नियमांत बसले आणि गारपिटीनंतर छपरांची पाहणी करणाऱ्या विमा कंपन्यांना माणूस शिडीवर चढवायची गरज उरली नाही. पुढे आकाशातून घेतलेली चित्रे पाहून काही कंपन्या छप्पर जुने झाले म्हणून विम्याचे नूतनीकरण नाकारू लागल्या आणि घरमालकांना आपले छप्पर खराब आहे हे आधी पत्राने कळू लागले. फ्रान्सच्या करखात्याने तर २०२२ मध्ये हवाई छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेऊन कर न भरलेले वीस हजारांवर पोहण्याचे तलाव शोधले. आपल्याकडे जुलैतल्या गच्च्यांवर अशी नजर पडली तर काय निष्पन्न होईल, हे सांगवत नाही.

एकंदर निर्णय असा की उंच, उतरते किंवा ठिसूळ छप्पर असेल, तर ड्रोन जरूर बोलवावा. त्याच्या खर्चापेक्षा मोडलेला पाय महाग पडतो. जिना आणि कठडा असलेल्या सपाट गच्चीसाठी आधी सेक्रेटरींकडून किल्ली घ्यावी, झाडू घेऊन वर जावे आणि पाइपांच्या जाळ्या मोकळ्या कराव्यात. एवढे करूनही पंख्यातून पाणी आले तर मे महिना उजाडायच्या आत चालकाला बोलवावे, त्याला बासरी नको असे आधीच सांगावे, आणि त्या सकाळी कुरडया-सांडग्यांचे वाळवण गच्चीवर घालू नये. ड्रोनचे पंखे खाली फार जोराचा वारा मारतात.